एक दिवस कमी धुतलेला पडदा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलले. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यात टाकलेले. ती खिडकीशी पाटावर, मी खाटेच्या कडेला, मध्ये परात. मला हे काम जमत नाही. चिमटीत दाबला की दाणा उडतो आणि खाटेखाली जातो. मग ती म्हणायची, "मिलमध्ये म्हणे तुटलेलं सूत सांधायचात. इथे एक दाणा धरता येत नाही." लग्न झाल्यापासून हेच बोलत आली. त्या दिवशीही बोलली. मी दाणा शोधायला वाकलो, वर बघितलं, तर खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि डोळे पिवळे दिसत होते.

डोळ्यांना काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, वय झालं. आणि परात उचलून मोरीत गेली. बिरडं झालं, दोघं पोटभर जेवलो. त्यानंतर आम्ही मिळून जे केलं ते सगळं हॉस्पिटलातलं. ते मी साध्यात धरत नाही.

एकविसाव्या दिवशी ती गेली. मला सांगितलं कावीळ. लिव्हर सुजलंय, उतरत नाही.

लिव्हर हा शब्द ऐकला आणि मी घाबरलो. का घाबरलो ते सांगायला आधी माझं काम सांगायला लागेल.

मी सातवी शिकलेला माणूस. अठराव्या वर्षी मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो, विणाई खात्यात, साच्यावर, म्हणजे मागावर. संप झाला, मिल गेली, मग पंचवीस-तीस वर्षं जे मिळेल ते केलं. वॉचमनकी केली, कुरियरच्या पिशव्या वाहिल्या. शेवटी एका ओळखीने परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागलो. जिथे पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायचे तिथे आता काचेच्या खोल्या आहेत. तिथे पाणी गाळायचे पडदे तयार करतात. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम त्याला मेम्ब्रेन म्हणतात. मी कापड म्हणतो. त्यांनी पहिल्या पहिल्यांदा माझी चूक सुधारली, मग सोडून दिलं.

काम असं. प्लास्टिकचे दाणे सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काकवीसारखा पाक करायचा. तो काचेवर ओतायचा आणि एक पोलादी सुरी, काचेपासून केसाइतकी वर धरलेली, एका दमात ओढायची. मध्ये श्वास सोडलात की लाट आली. मग काच तशीच पाण्याच्या टबात सरकवायची. आरपार दिसणारा पाक बघता बघता दुधासारखा पांढरा होतो आणि पापुद्रा काचेवरून आपोआप सुटतो. तोच पडदा. त्याला भोकं असतात, पण डोळ्याला न दिसणारी. पाणी जातं, जंतू जात नाहीत.

मी शिपाई. काचा धुणं, टबातलं पाणी बदलणं हे माझं काम. पण पीएचडीची पोरं सुरी ओढायची तेव्हा मला बघवायचं नाही. एक दिवस मी म्हटलं, द्या इकडे. ओढली. मॅडमनी तो पडदा उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "काका, अजून एक काढा." तेव्हापासून नमुन्याचे पडदे मीच काढतो. साठी झाली तेव्हा कागदावरून मला काढलं आणि दुसऱ्या, कंत्राटाच्या कागदावर घेतलं. आता मशीन आलंय, पण नव्या पाकाची पहिली पाच-सहा कापडं हातानेच निघतात. कापडातली खोट मला उजेडात लगेच दिसते. ती नजर साच्याची आहे, तिला शाळा लागत नाही.

हल्ली आणखी एक पडदा चालू आहे, तो पाण्याचा नाही, विजेचा. त्यातून पाण्यापासून गॅस काढायचा, गॅसपासून वीज करायची आणि धूर म्हणून नाही, असं मॅडम समजावतात. उद्या ह्याच्यावर बसगाड्या चालतील म्हणाल्या. मी म्हटलं, आधी आमच्या चाळीच्या जिन्यातला बल्ब पेटवून दाखवा. त्या हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

तर सॉल्व्हंट. त्याच्या बाटलीवर माणसाचं चित्र असतं आणि त्याच्या छातीत तारा फुटलेला असतो. मॅडम दर आठवड्याला एकदा तरी ओरडतात, हातमोजे घाला, हे लिव्हरला लागतं. म्हणून पडदा काढल्यावर दोन दिवस पाण्यात ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं, म्हणजे पापुद्र्यात राहिलेलं सॉल्व्हंट निघून जातं. दोन दिवस. हा नियम मला झोपेत विचारला तरी सांगीन.

मागच्या वर्षी काळाचौकीला आमच्या गल्लीत रस्ता खणला आणि नळाला गढूळ, वास येणारं पाणी यायला लागलं. प्रयोगशाळेत कापलेल्या पडद्यांचे कोपरे उरतात, ते टाकून देतात. मी चार कोपरे घरी आणले. विचारलं नाही. चोरी म्हणायची तर म्हणा. प्लास्टिकचे दोन डबे घेतले, मध्ये जाळी, जाळीवर पडद्याचा गोल तुकडा, कडेने रबर. वर माळ्यावर पिंप, तिथून नळी. दिवसाला दोन कळशा पाणी यायचं, काचेसारखं.

बायकोला ह्याचं कोण कौतुक. इतकी वर्षं मी काय करतो हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. आता गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून पेला पुढे करायची. "आमच्या ह्यांनी केलंय. प्या." दोन खोल्या सोडून राहणाऱ्या वहिनी रोज कळशी घेऊन यायच्या. त्यांची चार वर्षांची नात सारखी पोटाने आजारी असायची, ती ह्या पाण्याने सुधारली असं त्या सगळ्यांना सांगायच्या. सुधारली का ते मला माहीत नाही. पण पीत होती एवढं खरं.

तुकडा तीन-चार महिन्यांनी बदलायचा. शेवटचा बदलला तेव्हा बायकोची बहीण गावाहून यायची होती. बहिणीला पाणी दाखवायचं म्हणून हिने घाई केली. मी म्हटलं, अजून एक दिवस धुवायला पाहिजे. ती म्हणाली, "धुतलंत की काल दिवसभर. तो काय गणपतीचं सोवळं आहे?" मी ऐकलं. बसवला. दोन दिवसांच्या जागी एक दिवस धुतलेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते वाल.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं होतं, आजी काही झाडपाल्याचं औषध घेत होत्या का, काही वेगळं खाण्यापिण्यात आलं का. मी म्हटलं, नाही. तो पुढच्या खाटेकडे गेला. मला त्याच्या मागे जाऊन सांगता आलं असतं. मी नाही गेलो. घाबरलो. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरलो, मुलगी काय म्हणेल म्हणून घाबरलो, आणि सगळ्यात जास्त, तो हो म्हणेल म्हणून घाबरलो.

ती गेली त्याच दिवशी, माणसं जमायच्या आत, मी माळ्यावरची तोटी बंद केली. सुतक लागलं. सुतकाच्या घरचं पाणी कुणी घेत नाही, आमच्या चाळीत हे अजून पाळतात. कोणी कळशी घेऊन येईना, कोणी काही विचारेना. मी ह्या रीतीभातींना आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या बारा दिवसांत सुतक होतं म्हणून मी वाचलो. लोक मला धीर द्यायला यायचे आणि मी त्यांच्या खांद्यावरून वहिनींच्या नातीचे डोळे बघायचो. पांढरे आहेत का. गॅलरीत खेळायला आली की तिला जवळ बोलवायचो, उजेडात उभी करायचो. पोरगी कंटाळली माझ्यावर.

तेराव्याचं जेवण झालं. चौदाव्या दिवशी सकाळी वहिनी कळशी घेऊन दारात.

मी म्हटलं, बंद आहे. कधी चालू होणार म्हणाल्या. मी म्हटलं, होणार नाही. मग जे बोलल्या ते त्यांनी बोलायला नको होतं, पण मीही त्यांच्या जागी तेच बोललो असतो. "ती होती तोवर पाणी होतं भाऊ. पाणी तुमचं नव्हतंच, तिचं होतं." आणि रिकामी कळशी घेऊन गेल्या.

त्याच दिवशी मी डबे उतरवले, पिशवीत घातले आणि मॅडमकडे गेलो. चौदा दिवस मी कामावर गेलो नव्हतो. त्या उठून उभ्या राहिल्या, बसा काका म्हणाल्या. मी बसलो नाही. पिशवी टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोपरे नेले ते, एक दिवस धुतला ते, वहिनींची नात पीत होती ते, डॉक्टरला नाही म्हटलं ते. शेवटी म्हटलं, नोकरीवरून काढा, पोलिसात द्या, पण आधी हे तपासा. आणि आता ह्या हाताने मी सुरी धरणार नाही.

त्या दादरच्या, शुद्ध बोलणाऱ्या, कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. हे घरी वापरायचं नव्हतं, ह्याची कुठलीही चाचणी माणसांसाठी झालेली नाही, तुम्ही पोरांना नियम शिकवता आणि स्वतः काय केलंत. बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी डबे उघडले, तुकडा चिमट्याने उचलला, उजेडाला धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, तीन दिवस द्या.

ते तीन दिवस मी कसे काढले विचारू नका. तिसऱ्या दिवशी फोन आला, या. मी चिंचपोकळीच्या पुलावरून चालत गेलो. बस दिसली तरी चढलो नाही. बातमी जितकी उशिरा कळेल तितकी बरी.

मॅडमनी कागद पुढे केला. मला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, "नाही सापडलं."

"नाही म्हणजे किती नाही?"

"यंत्राला दिसेल इतकंही नाही. तुकड्यात नाही, तुकड्यातून आलेल्या पाण्यात नाही. नवा पडदा एकच दिवस धुऊन तोही तपासला. त्यातही जे उरलं ते इतकं थोडं, की पहिल्या दोन-चार कळशांत निघून गेलं असणार."

मी म्हटलं, यंत्राला दिसत नाही म्हणजे नाहीच असं कुठे आहे. माझ्या डोळ्याला दिसतं ते पोरांना दिसत नाही. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्राच्या खालचं मी सांगू शकत नाही. पण तेवढ्याने माणूस जात नाही काका, हे मी लिहून देईन." मग म्हणाल्या, "मावशींचे हॉस्पिटलचे कागद आहेत का? मला बघायचेत."

कागद मुलीकडे होते. मुलगी ठाण्याला दिलेली. आजारपणात पिशवी तिच्याच खांद्याला असायची, मी मागितली की म्हणायची, राहू द्या बाबा, तुम्हाला नाही कळणार. मी फोन केला. ती म्हणाली, कशाला हवेत आता ते कागद. मी म्हटलं, हवेत. म्हणाली, मी टाकून दिले. मला कळलं, खोटं बोलतेय. माझीच मुलगी, माझ्यासारखंच वाईट खोटं बोलते. मी म्हटलं, उद्या ये.

ती आली. जेवली नाही, बसली नाही, पर्स खांद्यालाच. मला गोड बोलून सुरुवात करता येत नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईला बहुतेक मी मारलं." आणि सगळं सांगितलं, मॅडमचा कागदसुद्धा दाखवला.

ती मटकन खाटेवर बसली. मला वाटलं आता शिव्या घालील. ती म्हणाली, "बाबा, आईला कॅन्सर होता."

मी म्हटलं, काय?

"पित्ताच्या पिशवीचा. आत गाठ होती, तिने वाट अडवली म्हणून कावीळ. पहिल्याच आठवड्यात फोटो काढला तेव्हा दिसलं. डॉक्टर म्हणाले बऱ्याच महिन्यांची आहे, आता काही करता येणार नाही."

तिने पर्समधून कागद काढले. टाकले नव्हतेच. मी ते हातात घेतले, उलटसुलट केले. एक शब्द वाचता आला नाही, पण नाव बायकोचं होतं आणि त्याच्याखाली डॉक्टरने एक छोटं चित्र काढलं होतं, पिशवीचं, त्यात काळा ठिपका. तेवढं कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईने शपथ घातली."

"तिला माहीत होतं?"

"माझ्याआधी तिला कळलं. तिने डॉक्टरकडून काढून घेतलं. म्हणाली, ह्यांना सांगू नकोस. हे वॉर्डात भोकाड पसरतील आणि मला बाजूच्या बायकांसमोर लाज वाटेल."

मी हसलो. खरंच हसलो, मुलगी घाबरली. कारण हे शंभर टक्के तिचं बोलणं होतं. आणि खोटं नव्हतं. मी टीव्हीवर कुणाच्या मुलीची पाठवणी दाखवली तरी रडतो. मुलीच्या लग्नात मला दोघांनी धरलं होतं.

मग मुलगी माझ्यावर उखडली. डॉक्टरने तोंडावर विचारलं तेव्हा नाही कसं म्हटलंत, खरोखर त्या पाण्याचं असतं तर? मीही उखडलो. तुम्ही दोघींनी मला एकवीस दिवस वेड्यासारखं कावीळ उतरेल म्हणून उसाचा रस आणायला पळवलं, मला तिला काही विचारायचं होतं, काही सांगायचं होतं, ते कधी सांगायचं होतं? ती म्हणाली, तुम्ही आणलेला रस ती प्यायची ना. मी म्हटलं, प्यायची. भांडून भांडून भूक लागली, तेव्हा तिने पोहे केले.

आता खरं लिहितो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या बायकोला कॅन्सर होता हे ऐकून मला बरं वाटलं. असा नवरा असतो का? पण वाटलं. विणाई खात्यात शंभर साचे एकदम बंद झाले की कान कसे मोकळे होतात, ते ज्याने काम केलंय त्यालाच माहीत. आवाज इतके तास सोसला हे तो थांबल्यावर कळतं. माझ्या डोक्यात रोज एकच चालू होतं, मी पाजलं, मी पाजलं. ते थांबलं. ती नाहीच, ते दुःख आहे तिथेच आहे, पण आता ते नुसतं दुःख आहे. त्याला माझा हात लागलेला नाही.

ती काही महिन्यांपासूनच आतून आजारी होती, म्हणजे ज्या दिवशी बहिणीला पेला पुढे करून मिरवत होती त्या दिवशीसुद्धा. तेव्हा ती खूश होती. ते पाणी चांगलं होतं. आता मला त्या दिवसाची आठवण काढता येते. मागचे अठरा दिवस ती काढता येत नव्हती.

मुलीला स्टेशनवर सोडलं. निघताना म्हणाली, बाबा, आता काही लपवायचं नाही. मी म्हटलं, तुझं तू बघ. घरी येऊन पाच मिनिटं टेकतो म्हणून आडवा झालो, तो सकाळीच उठलो. नळ येऊन गेला होता. बादल्या मात्र दाराशी भरलेल्या होत्या. कुणी भरल्या ते विचारायची गरज नव्हती, वहिनींनीच.

उठल्यावर मी तोंड धुतलं, शर्ट घातला आणि वहिनींच्या दारात गेलो. त्या नातीची वेणी घालत होत्या. आत या म्हणाल्या नाहीत. मी दारातूनच सांगितलं. पडदा कुठून आणला, किती धुतला, मला कसली भीती होती, पाणी का बंद केलं. मॅडमचा कागदही नेला होता. त्यांना माझ्याइतकंच इंग्रजी येतं, तरी त्यांनी तो हातात घेऊन नीट बघितला. मी म्हटलं, मॅडम म्हणतात पाणी चांगलं होतं, पोरीला काही होणार नाही, पण मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. ज्या दिवशी पहिली कळशी भरली त्या दिवशी.

त्यांनी वेणीला रिबिनीची गाठ मारली आणि पोरीला शाळेचं दप्तर भरायला आत पाठवलं. मग म्हणाल्या, "म्हणून तिचे डोळे बघत होतात रोज? मला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला."

मी म्हटलं, झालोच होतो.

"मी तुम्हाला नको ते बोलले."

"बरोबर बोललात."

"डबे परत लावणार का?"

मी म्हटलं नाही. मॅडम म्हणतात त्याला माणसांसाठीच्या सगळ्या चाचण्या व्हायच्यात, तोपर्यंत लावायचा नाही, पाणी उकळून प्या. वहिनींनी नाक मुरडलं. उकळलेल्या पाण्याला चव असते का मेली, म्हणाल्या. मी म्हटलं, नसते.

खोलीत आलो. मोठं पातेलं काढलं, भरलेल्या बादलीतलं पाणी त्यात ओतलं, गॅसवर ठेवलं. उकळी फुटेपर्यंत समोर उभा राहिलो, फुटल्यावर आणखी थोडा वेळ ठेवलं, झाकलं. अर्धं वहिनींकडे देऊन आलो. मग मॅडमना फोन लावला आणि विचारलं, विजेच्या पडद्याचा पाक आज घोटायचा आहे की उद्या. त्या म्हणाल्या, आज. मी म्हटलं, मी येईपर्यंत पोरांना काचेला हात लावू देऊ नका, आणि चपला घातल्या.